मोसंबीची सल, साल नव्हे

पाचोडजवळच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "आमचे आबा म्हणतात, मोसंबी उतरली की सल काढायची. मोबाइलवर आलेल्या सूचनेत मात्र 'झाडांची साल काढून घ्यावी' असं छापलंय. खरा शब्द कोणता? आणि दुसरं, धाकटा भाऊ संभाजीनगरात पेट्रोलवरची करवत घेऊन झाडं छाटायची कामं धरतो. त्याला पाटीवर 'वृक्ष सर्जन' लिहायचंय. चालेल का?"

आबा बरोबर आहेत. सूचना चूक आहे, आणि ही चूक झाडाच्या जिवावर बेतणारी आहे. दर हंगामात हा 'साल काढा' कुठून तरी उगवतो. टंकणाऱ्याला सल, म्हणजे झाडावरची वाळकी काडी, हा शब्द माहीत नसतो, त्याला वाटतं काना राहिला, आणि तो काना देऊन मोकळा होतो. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. खोडाची साल गोल काढली की ती वाट तुटते, मुळं उपाशी पडतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. सूचना वाचणाऱ्याला शंकाही येत नाही, कारण मोसंबीत साल काढण्याचं एक खरं कामही आहे. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागला की खोडाची रोगट तेवढी साल धारदार चाकूने खरवडतात आणि वर बोर्डो पेस्ट लावतात: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. ते काम वेगळं, फळं उतरल्यावर सल काढायचं वेगळं. दुसऱ्या कामात वाळलेल्या काड्या, मेलेले शेंडे थोड्या हिरव्या भागासकट कापायचे, सोबत पानसोट म्हणजे सरळसोट वाढलेले फुटवे आणि कुठे बांडगूळ असेल तर तेही काढायचं.

आता सल म्हणजे काय, हे मोसंबीच्या पट्ट्यात कुणाला सांगायची गरज नाही. अंबड, घनसावंगी, बदनापूर, पैठण, कुठेही विचारा. प्रश्न आहे तो हा शब्द आला कुठून, आणि तिथेच खरी गंमत आहे.

सल म्हणजे शल्य. संस्कृतात शल्य म्हणजे बाणाचं टोक, काटा, अंगात रुतून बसलेली कोणतीही परकी वस्तू. प्राकृतात त्याचं झालं सल्ल आणि मराठीत सल. पायात काटा सलतो, मनात बोलणं सलतं, ते याच घरातलं. इथवर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो मोसंबीच्या सलीवर. कोशांचा चांगला अभ्यास असलेले एक स्नेही मला ठणकावून सांगतात की ही सल म्हणजे सळई, सळकाठी. बारीक वाळकी काडी म्हणून सळ, आणि सळचं सल. ऐकायला हे सोपं वाटतं, पण मराठीच्या कानाला ते पटत नाही. मराठीने ल आणि ळ यांचा हिशेब फार नेटका ठेवला आहे. मूळ शब्दात स्वरांमध्ये एकटा ल असेल तर मराठीत त्याचा ळ होतो. जोडाक्षर असेल, प्राकृतात ल्ल झाला असेल, तर ल तसाच राहतो. मूलचं मूळ, पण मूल्यचं मोल. कालचं काळ, पण कल्यचं काल, म्हणजे आजच्या आधीचा दिवस. फलचं फळ, पण बिल्वचा बेल आणि पल्लवाची पालवी. शलाकेत ल एकटा, म्हणून सळई. शल्यात तो जोडलेला, म्हणून सल. सळईपासून सल काढायची तर ळ पुसून ल आणावा लागेल, आणि जो शेतकरी फळ, मूळ, काळ, वेळ म्हणताना एकदाही चुकत नाही, तो याच एका शब्दात ळ विसरला असं मानावं लागेल. मी हे मानत नाही.

स्नेह्यांनी यावर उलटा बाण टाकला: कल्लचं काल झालं, मोल्लचं मोल झालं, मग सल्लचं साल व्हायला हवं होतं, काना कुठे गेला? प्रश्न रास्त आहे. हिंदीत तो काना आहेही, तिथे काटा 'सालता है'. मराठीत तो का नाही, याबद्दल माझं मत असं की ती जागा आधीच भरलेली होती. प्राकृतात झाडाच्या कातडीला छल्ली. मराठीने छचा स केला, जसा छुरिकेची सुरी केली, आणि शब्द झाला साल. हिंदीने छ राखला, म्हणून छाल. म्हणजे मराठीत एकाच झाडाच्या अंगावर साल आणि साल असे दोन शब्द उभे राहिले असते, एक जपायचा आणि एक कापायचा. बागेत रोज कात्री चालवणारी माणसं हा घोटाळा चालू देणार नाहीत. त्यांनी एक शब्द ऱ्हस्व ठेवला. आज आमची सूचना टंकणारी मंडळी बोलणाऱ्यांनी राखलेलं ते अंतर एका कान्याने बुजवून टाकतात, म्हणून माझा संताप.

"शल्य म्हणजे बाण, त्याचा वाळक्या काडीशी काय संबंध?" असंही विचारलं जातं. तर सुश्रुतसंहिता उघडावी. शल्यतंत्राची, म्हणजे शस्त्रवैद्यकाची, व्याख्या करताना अंगात शिरून पीडा देणाऱ्या वस्तूंची यादी आहे, आणि तिची सुरुवातच तृण आणि काष्ठ अशी आहे. गवत आणि लाकूड आधी, लोखंड नंतर. जिवंत देहात अडकून राहिलेला मेलेला तुकडा म्हणजे शल्य. मोसंबीच्या घेरात शिरून पाहा. बाहेरून झाड हिरवंगार, आत हात घातला की करड्या, कडक, टोकदार काड्या कोपरापर्यंत ओरबाडतात. वाऱ्याने त्याच काड्या फळांवर घासतात आणि फळाला डाग पडतात, त्यांच्यावरच रोगाची बुरशी तग धरते. याला शल्य नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आणि झाडावर शस्त्र चालवून उपचार करायचा हा विचारही नवा नाही. वराहमिहिराने 6व्या शतकात बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय लिहिला. रोगट झाडावर करायची पहिली गोष्ट त्यात सांगितली आहे 'शस्त्रेणादौ विशोधनम्', आधी शस्त्राने साफ करा. मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप. आबा तेच करतात, फक्त वावडिंग-तुपाच्या जागी मोरचूद-चुना आला.

जाता जाता आणखी एक. आबा फांदीला खांदी म्हणत असतील आणि शाळेत नातवंडांना ते अशुद्ध म्हणून खोडून मिळत असेल. खोडणाऱ्यांनी अमरकोश पाहावा. मुळापासून फांद्या फुटेपर्यंतचं खोड म्हणजे स्कंध, आणि त्यातून निघते ती स्कंधशाखा. स्कंधचा खांदा, तशी खांदी. एकनाथांनी पैठणात भागवताच्या ज्या एकादश स्कंधावर टीका लिहायला घेतली, तो स्कंध आणि ही खांदी एकच.

तुमच्या भावाला ही खांदी रोज उपयोगी पडेल. जाड फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगवटा असतो, तोच तिचा खांदा. करवत त्या फुगवट्यात शिरवायची नाही, त्याच्या लगत बाहेर थांबायचं. अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड ती आतून बंद करतं आणि वरून नवं लाकूड चढवतं, आणि त्या कामाचा मुख्य आधार हा फुगवटा असतो. तो छिलून खोड गुळगुळीत केलं की पाहणाऱ्याला काम सफाईदार दिसतं आणि आत कूज उतरते. म्हणून फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालून, थोडाच. दुसरा त्याच्याही जरा पुढे, वरून आरपार, म्हणजे फांदी स्वतःच्या वजनाने फाटून खोडाची साल ओढून नेत नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाला, फुगवट्याच्या बाहेर. झाडावर चढून काम करणारे वाळक्या खांदीवर दोर टाकत नाहीत, कारण ओली खांदी वाकून इशारा देते आणि वाळकी नुसतीच कडकन मोडते. तिला आधी उतरवायचं, मग बाकीच्याला हात. मोठ्या कडुलिंबावर, वडावरही कामाची सुरुवात सल काढण्यानेच होते.

तर पाटी. 'वृक्ष सर्जन' नको. मराठीत सर्जन म्हणजे निर्मिती, सर्जनशील हा शब्द पोरंसोरं वापरतात. वाचणाऱ्याला वाटेल भाऊ रोपवाटिका चालवतो. 'वृक्षशल्यचिकित्सक' अर्थाने चोख आहे, पण दुकानाच्या पाटीवर तो सरकारी हुद्दा वाटेल, कारण जिल्हा रुग्णालयातल्या 'जिल्हा शल्यचिकित्सक' या पाटीची डोळ्यांना सवय आहे. मी सुचवेन 'सलकरी'. शेतकरी, वारकरी, गावकरी, तसा सलकरी. खाली बारीक अक्षरात 'झाडांची शास्त्रशुद्ध छाटणी' लिहा, म्हणजे शहरातल्यांनाही कळेल.

आबांना माझ्यातर्फे एक विचारा आणि कळवा. चिंचेच्या, आंब्याच्या वाळक्या काड्यांनाही ते सल म्हणतात, की फक्त मोसंबीच्या? आणि ओली पण बारीक, टोकदार काडी असेल तर तिला म्हणतात का? ओल्या काडीला सल म्हणत असतील तर सळईवाल्या स्नेह्यांना बोलायला जागा आहे. मेलेल्यालाच म्हणत असतील तर नाही.