सोनं चुंबकाला चिकटत नाही, मग सोन्याच्या शोधासाठी मॅग्नेटिक सर्वे कशाला?

तुमच्या प्रश्नातलं ‘सोनं चुंबकाला चिकटत नाही’ हे पहिलं वाक्य मी तीनदा वाचलं. अगदी हेच वाक्य मी २००२ साली बेलापूरच्या एका ऑफिसात आठ माणसांसमोर रडू आवरत म्हटलं होतं आणि एकानेही ऐकून घेतलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, ठाण्यातच राहता आणि पुढच्या महिन्यात कर्नाटकात फील्डला जाताय. सर्वेत ज्या सरळ लाइनवर चालत मोजायचं, त्यांच्यातलं अंतर किती ठेवावं आणि सॉफ्टवेअर कोणतं शिकावं, हेही विचारलंय. अंतराचं सांगते. सॉफ्टवेअरचं दुसरं कुणी सांगेल, माझं सगळं म्हणणं त्याच्या आधीच्या कामाबद्दल आहे.

मॅग्नेटिक सर्वेत, म्हणजे मॅग्नेटोमीटर घेऊन जागोजागी चुंबकीय क्षेत्र मोजण्यात, आपण सोनं शोधतच नाही. टनामागे चार-पाच ग्रॅम सोनं असलं की दगड खणण्याजोगा ठरतो, आणि तेवढ्या सोन्याची चाहूल जगातल्या कुठल्याही मॅग्नेटोमीटरला लागणार नाही. आपण शोधतो सोन्याचा शेजार. ज्या गरम पाण्याबरोबर सोनं भेगांतून वर आलं, त्या पाण्याने आजूबाजूच्या खडकाचं काय केलं ते पाहायचं. ॲम्फिबोलाइट नावाच्या खडकातलं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, त्या पाण्याने खाऊन टाकलं आणि जागी चुंबकीय नसलेलं पायराइट नि कार्बोनेट ठेवलं, तर नकाशावर खड्डा, म्हणजे कमी आकड्यांची जागा, दिसतो. पायराइटऐवजी पायरोटाइट तयार झालं असेल तर उंचवटा दिसतो, कारण पायरोटाइट चुंबकीय असू शकतं. लोहपाषाणाचे पट्टे असतील तर ते ठळक उठून दिसतात आणि ते जिथे तुटलेत, मुरडलेत, तिथे लक्ष द्यायचं. म्हणजे सोन्याची खूण कधी खड्डा, तर कधी उंचवटा. खडक हातात न घेता नकाशावरच्या उंचवट्यांचे नुसते लाल डाग गोल करून ‘इथे ड्रिल मारा’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण तुम्हाला वर्गात कुणी सांगितलं नसेल तर वाचून घ्या. १९३० नंतर रुडॉल्फ क्राहमान नावाच्या जर्मन भूभौतिकतज्ज्ञाने तिथल्या विटवॉटर्सरँड या सोन्याच्या पट्ट्याच्या पश्चिमेला मॅग्नेटोमीटर घेऊन सर्वे केला. सोन्याचा थर चुंबकीय नव्हता, वर डोलोमाइट खडकाचं जाड आवरण होतं. पण त्या थराच्या खाली ठरावीक क्रमाने येणारे शेलचे, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाचे, थर चुंबकीय होते. त्याने शेलचा माग काढला, आणि सोनं कुठे असायला हवं ते त्यावरून ठरवलं. त्यातून पुढे जगातल्या सर्वांत श्रीमंत खाणींपैकी काही उभ्या राहिल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

अंतराचं म्हणाल तर शिस्ट पट्ट्यात, म्हणजे सोनं सापडतं त्या जुन्या रूपांतरित खडकांच्या पट्ट्यात, लाइन ५० मीटरवर, रीडिंग दर १० मीटरला. नस अरुंद असेल तर २५ आणि ५. लाइन खडकाच्या लांबीला आडव्या टाका. धारवाडचे पट्टे साधारण उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय धावतात, म्हणजे तुम्ही जवळजवळ पूर्व-पश्चिम चालणार. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फार कललेलं नसतं, रायचूरच्या बाजूला वीसेक अंशच. त्यामुळे उत्तर-दक्षिण लांबीच्या खडकांची ॲनॉमली, म्हणजे नकाशावरचा खड्डा-उंचवटा, फिकी येते आणि परदेशी पुस्तकांतले नमुने इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. ‘रिडक्शन टू पोल’चं, म्हणजे क्षेत्र ध्रुवावरच्यासारखं उभं असतं तर नकाशा कसा दिसला असता ते काढणारं, बटण दाबून आलेल्या नकाशाला तर इथे हात जोडून लांब राहा.

आता ते बेलापूर.

२००१ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं आणि ऑक्टोबरमध्ये मी एका खासगी कंपनीत फील्डला लागले. कोलारची सोन्याची खाण त्याच वर्षी फेब्रुवारीत बंद झाली होती, आणि तरी, किंवा म्हणूनच, नवीन सोनं शोधायचा उत्साह होता. आम्ही रायचूर जिल्ह्यात, हट्टीच्या सोन्याच्या खाणीच्या बाजूला होतो. मी एकटीच बाई. प्रोटॉन मॅग्नेटोमीटर, अडीच मीटरच्या काठीवर सेन्सर, सोबत काठी धरणारा एक गावातला मुलगा. माझ्या अंगावर लोखंड नव्हतं. साडी नेसत नव्हते, सलवारीला नाडी, पायात कापडी बूट, केस सुती दोऱ्याने बांधलेले. घड्याळ काठीपासून लांब, मदतनीसाच्या पिशवीत. गळ्यात मंगळसूत्र. ते काढलं नाही, कारण काढायची गरज नव्हती.

६ नोव्हेंबर, मंगळवार. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि पार्टी चीफना, म्हणजे आमच्या फील्ड टीमच्या प्रमुख सरांना, सगळ्या लाइन संपवून घरी जायचं होतं. बेसवर, म्हणजे एका ठरलेल्या जागी, दिवसभर क्षेत्राचा चढउतार नोंदवायला ठेवायचं दुसरं यंत्र बिघडलं होतं. अशा वेळी दर तासाला बेसच्या खुंटीवर परत येऊन रीडिंग घ्यायची असते. सर म्हणाले, “एवढा वेळ नाही. सकाळी एक घ्या, संध्याकाळी एक घ्या, मधलं सरळ रेषेत वाटून टाकू.” मी सहा लाइन चालले. जेवायला थांबले तेव्हा शेवटच्या खुंटीवर रीडिंग होती, जेवून उठल्यावर त्याच खुंटीवर परत घेतली तर साठ नॅनोटेस्लाचा (चुंबकीय क्षेत्र याच एककात मोजतात) फरक. वहीत लिहिलं: “१.२५. तीच खुंटी, ६० ने जास्त. बेस पाहायला हवा.” संध्याकाळी सरांना दाखवलं. त्यांनी वही बाजूला ठेवली.

नकाशा झाला तेव्हा त्यात दीडशे नॅनोटेस्लाचा एक सुंदर खड्डा होता. पूर्व-पश्चिम, सरळ पट्टीसारखा, मूळ खडकाला आडवा छेद देणारा. सर खूश झाले: आडवी शिअर झोन (खडक सरकून चिरडला गेलेला पट्टा), मॅग्नेटाइट खाल्लेलं, सोन्याला हवी तशी जागा. मी म्हटलं, सर, हा पट्टा आपल्या चालण्याच्या लाइनला समांतर आहे आणि बरोबर तीन लाइन रुंद आहे, त्या तिन्ही एकाच दुपारच्या आहेत. नवीन मुलीचं कोण ऐकतं? फेब्रुवारीत दोन भोकं मारली. दोन्हीत स्वच्छ, ताजं ॲम्फिबोलाइट. ना क्वार्ट्झची नस, ना पायराइटचा कण.

मग बेलापूरला बैठक. खर्चाचा जाब कुणीतरी द्यायचाच होता. सर म्हणाले, “ह्या बाई मंगळसूत्र घालून रीडिंग घेत होत्या, डेटा खराब झाला.” मी म्हटलं, सर, सोनं चुंबकाला चिकटत नाही. एक जण हसला. अहवालात ‘ऑपरेटरच्या अंगावरील धातूच्या दागिन्यांमुळे’ असं वाक्य आलं आणि खाली माझं नाव. जी माणसं सोनं चुंबकीय नाही म्हणून सोन्याच्या शेजाराचा माग काढत होती, त्यांनीच ते लिहिलं.

हिशेब करून पाहा. सोनं डायामॅग्नेटिक आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला अगदी किंचित विरोध करतं; त्याची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद, उणे ०.००००३४ च्या आसपास. बारा ग्रॅमचं मंगळसूत्र, सेन्सरपासून एक मीटर. परिणाम येतो नॅनोटेस्लाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. आमचं यंत्र एक नॅनोटेस्ला मोजत होतं. बावीस कॅरटमधलं तांबं आणि चांदी, तीही डायामॅग्नेटिकच.

पण हिशेबाने कुणाचं तोंड बंद होत नाही, म्हणून मी चाचणी घेतली. यंत्र दुरुस्त होऊन बेलापूरला आलं, तेव्हा एका रविवारसाठी मागून घेतलं. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी ते चालवून उपयोग नव्हता. तेव्हा लोकल डीसी विजेवर धावायच्या, गाडी सुटली की आकडे नाचायचे. (कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली ती याच कारणाने, मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या म्हणून. तिचा वारसा चालवणारी भूचुंबकत्व संस्था आता आपल्या नवीन पनवेलला आहे, ठाण्याहून थेट लोकल जाते, एकदा जाऊन या.) आम्ही ठाण्याजवळच्या डोंगरात, येऊरला गेलो. काळा बेसॉल्ट भरपूर चुंबकीय, पण काठी एकाच जागी रोवली की त्याने बिघडत नाही. नवऱ्याने काठी धरली. एक रीडिंग मंगळसूत्र घालून, एक काढून, पुन्हा घालून, पुन्हा काढून, अशा वीस. एकाआड एक घ्यायच्या, म्हणजे दिवसाचा चढउतार दोन्हीकडे सारखा वाटला जातो. दोन्ही सरासरींमधला फरक एका नॅनोटेस्लाच्याही आत. मग नवऱ्याने खिशातली साधी सेफ्टी पिन सेन्सरपाशी नेली आणि आकडा लगेच सरकला. घरी सासूबाईंनी विचारलं, एवढ्या उन्हात मंगळसूत्र कशाला काढघाल करत होतीस? सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “त्या माणसाला आण इकडे, मी बोलते.” त्या दिवसापासून त्या घरात मला परकं वाटलं नाही.

खरं कारण नंतर सापडलं. ६ नोव्हेंबर २००१ ला मोठं चुंबकीय वादळ होतं, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या झोताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं होतं. आपल्याकडे सकाळी सुरू झालं, आणि वादळाचा जोर सांगणारा, जगभरच्या वेधशाळांवरून काढतात तो डीएसटी निर्देशांक आपल्या दुपारच्या सुमाराला उणे २९० नॅनोटेस्लाच्या आसपास गेला होता. अलिबागच्या आलेखात तो खड्डा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. माझ्या वहीतल्या वेळा त्यावर ठेवल्या आणि तीन लाइन अलगद त्यात बसल्या. जी शिअर झोन आम्ही ड्रिल केली ती जमिनीत नव्हतीच, आकाशातून आली होती आणि संध्याकाळपर्यंत बरीचशी ओसरली होती. सकाळ-संध्याकाळच्या दोन रीडिंगमध्ये ती दिसणार कशी?

मी हे सगळं कागदावर मांडून दिलं. अहवाल बदलला नाही. बऱ्याच वर्षांनी सर तलावपाळीवर भेटले, निवृत्त झाले होते. मी विषय काढला. “अजून तेच धरून बसलात?” म्हणाले. हो, बसलेय. माझ्यानंतर त्या कंपनीत आलेल्या दोन मुलींना फील्डवर पाठवलं नाही, आणि कारण म्हणून त्या अहवालातलं ते वाक्य दाखवलं गेलं. माणसाच्या चुकीची किंमत भलत्याच माणसाने मोजली, तर ती चूक धरून बसावंच लागतं.

म्हणून तुम्हाला सांगते, बेसचं यंत्र चालू नसेल त्या दिवशी लाइन चालू नका. पार्टी चीफ ओरडला तरी. तेवढं शक्यच नसेल तर तासाभराने बेसला या, आणि प्रत्येक रीडिंगपुढे वेळ लिहा, मिनिटासकट. मला वाचवलं ते त्या वेळांनीच. जाण्याआधी आणि आल्यावर त्या दिवसांत वादळ होतं का ते पाहा. लाइनला समांतर येणाऱ्या प्रत्येक पट्ट्यावर आधी संशय घ्या, भूशास्त्र नंतर.

एक सांगायचं राहिलं. माझ्या मंगळसूत्राला साधा वाकवलेला सोन्याचा हुक होता. हल्ली ज्या दाबून उघडणाऱ्या कड्या येतात, त्यांच्यात कधी कधी पोलादी स्प्रिंग असते, ती मात्र नको. कपड्यांचे हुक, केसांचे चाप, चष्म्याच्या काड्या, पेनची क्लिप, बुटाच्या टाचेतले खिळे, मोबाइल, या सगळ्यांचंही तसंच. अंदाजाने ठरवू नका. रोज सकाळी बेसच्या खुंटीवर उभं राहून चारही दिशांना तोंड करून चार रीडिंग घ्या. त्या जुळल्या तर माणूस स्वच्छ. आणि ही चाचणी पार्टीतल्या सगळ्यांची घ्या, चीफचीही, आणि वहीत त्यांचं नाव लिहून.