आधी खुंट, मग कलम

‘मॅडम, माझी तारीख हुकली.’ खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली. एम.एस्सी. बायोटेक, शेवटचं सेमिस्टर. सोबत वडील, निफाडकडचे द्राक्षबागायतदार. (पिशवीत बेदाणे. नको नको म्हणताना ठेवून गेलेच.)

हुकली होती अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ‘जेनेटिक्स ट्रेनिंग प्रोग्रॅम’ची तारीख. तिला वाटत होतं, वर्ष गेलं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या करिअर सल्ल्याच्या केबिनमध्ये हे रडगाणं नवं नाही.

असे प्रोग्रॅम बाहेरून शिरायचे नसतातच. आधी पीएच.डी.ला प्रवेश. मग पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे आठवडे काम करून गाइड ठरवायचा आणि सहसा त्यानेच नाव पुढे करायचं. शिवाय तिथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या ‘टी-३२’ या प्रशिक्षण अनुदानाचं विद्यावेतन फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. आपल्या मुलांचा खर्च विद्यापीठ किंवा गाइडचा प्रकल्प उचलतो. त्या पीएच.डी.चे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या आसपास बंद होतात. म्हणजे हिचं हुकलं काहीच नव्हतं.

वडील इतका वेळ गप्प होते. म्हणाले, ‘आधी मुळासाठी डॉगरिज जातीचा खुंट लावायचा, तो धरला की त्यावर थॉमसन द्राक्षाचं कलम. आमची पोरगी थेट कलम घेऊन निघालीय.’

इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

खुंट इकडेही धरतो. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा शेवटच्या वर्षातही देता येते. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. मग पीएच.डी.साठी हैदराबादची सीसीएमबी, सीडीएफडी, पुण्याची आयसर अशा संशोधन संस्था. बंगळुरूच्या एनसीबीएससाठी मुंबईच्या टीआयएफआरची वेगळी परीक्षा.

पण परीक्षेनंतर मुलाखत असते. म्हणून तिच्या प्रोजेक्टमधल्या पीसीआरबद्दल (डीएनएच्या प्रती वाढवायचा प्रयोग) सहज विचारलं, ‘पीसीआरला निगेटिव्ह कंट्रोल का ठेवलास?’

‘सरांनी सांगितलं म्हणून.’

हार्डी-वाइनबर्गचं जनुकांच्या प्रमाणाचं समीकरण मात्र घडाघडा पाठ! उरलेला वेळ मी निगेटिव्ह कंट्रोलच्या त्या एका ट्यूबवरच घालवला. डीएनएऐवजी नुसतं पाणी. मग तिथे बँड, म्हणजे डीएनएची पट्टी, दिसला तर?

ती थबकली. ‘दिसला होता, मॅडम. दोनदा. रिएजंट दूषित झालं होतं, सगळं फेकून पुन्हा केलं. पण ती चूक ना? प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिलीच नाही.’

‘मुलाखतीत तीच सांग,’ म्हटलं.