लॅमिनेटचे थर की पदर?

प्रश्न असा आहे: ‘फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस ऑफ लॅमिनेटेड कॉम्पोझिट प्लेट्स’ यासाठी ‘स्तरित संमिश्र पट्टांचे सांत घटक विश्लेषण’ हे शीर्षक चालेल का? लॅमिनेटेड कॉम्पोझिट प्लेट म्हणजे धागे आणि रेझिन (धाग्यांना चिकटवून धरणारा राळेसारखा पदार्थ) यांचे पातळ पदर एकमेकांना चिकटवून केलेली प्लेट. फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे कल्पून तिचं गणित करायची पद्धत.

मी ‘बहुपदरी संमिश्र प्लेटचे परिमित खंड विश्लेषण’ असं लिहीन. ‘पट्ट’ म्हटलं की लांब, अरुंद पट्टी डोळ्यांपुढे येते, म्हणून ‘प्लेट’ तशीच ठेवली.

‘स्तरित’ चुकीचं नाही. पण स्तर काय, थर काय, एकावर एक साचतात किंवा रचले जातात: धुळीचा थर, दहीहंडीचे थर. पदर एकाच वस्तूच्या अंगात असतात. घडीची पोळी आठवा. घडी घालताना मध्ये तेलाचं बोट फिरवतो आणि तव्यावर पोळी फुगली की नेमके तिथेच पदर सुटतात. कार्बन धाग्यांच्या प्लेटमध्ये एका पदरातले धागे ०° ला, दुसऱ्यातले ४५° ला, तिसऱ्यातले ९०° ला असे लावतात. धागे आपापल्या पदरातच धावतात. दोन पदरांना धरून ठेवतं ते फक्त रेझिन. जोराचा मार बसला की या सांध्यातूनच भेग पसरते आणि वरून कित्येकदा काही दिसतही नाही. याला इंग्रजीत डीलॅमिनेशन म्हणतात. त्यासाठी ‘विस्तरण’सारखा शब्द कशाला घडवायचा? भिजलेल्या प्लायवूडचे ‘पदर सुटले’ असं आपण म्हणतोच की! एवढं मात्र सांभाळा: ‘तीनपदरी दोरा’ म्हणताना पदर म्हणजे धागा. तेव्हा इथे पदर म्हणजे काय, हे लेखात सुरुवातीलाच सांगून टाका.

आता ‘सांत’. शाळेत सांत संच आणि अनंत संच शिकलो, त्यामुळे सांत म्हटलं की अनंताचा विरुद्धार्थी शब्द डोक्यात येतो. अमेरिकी अभियंते रे क्लफ यांनी १९६० साली ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव वापरलं तेव्हा रोख वेगळा होता. कलनात (कॅल्क्युलसमध्ये) वस्तूचे अतिसूक्ष्म, शून्याकडे झुकणारे तुकडे कल्पितात. इथले तुकडे मोजता येतील एवढ्या आकाराचे. ‘अपरिमित कष्ट’ आपण सहज म्हणतो, म्हणजे ‘परिमित’ परका नाही, आणि मोजमाप त्याच्या पोटातच आहे.

‘घटक’ इतर ठिकाणी खुशाल वापरा. संमिश्राच्या बाबतीत मात्र वाचक घटक म्हणजे धागा आणि रेझिन असंच समजेल, म्हणून ‘खंड’.