राष्ट्राध्यक्षांना अडवायचे कोणी?

प्रश्न : मी नागपूरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेची राज्यघटना शिकताना विद्यार्थी 'नियंत्रण आणि समतोल' हे शब्द पाठ करतात. पण राष्ट्राध्यक्षांना प्रत्यक्षात कोण अडवते, असे विचारताच गप्प बसतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : कलमांऐवजी आपल्या हिवाळी अधिवेशनापासून करावी. विधान भवनात आमदारांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे मंत्री स्वतःही विधिमंडळाचे सदस्य असतात, हे तुमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते (निदान मोर्चांमुळे अडलेले रस्ते तरी त्यांनी पाहिलेले असतात). अमेरिकेत मात्र सरकारी पदावरील व्यक्तीला काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, सदस्य राहता येत नाही आणि अविश्वास ठराव आणून राष्ट्राध्यक्षांना घालवताही येत नाही. मग त्यांना अडवायचे कोणी, हा प्रश्न वर्गातूनच उमटू द्यावा.

त्यानंतर एक पूर्ण तास १९५२ सालच्या पोलाद कारखान्यांच्या खटल्याला द्यावा. कोरियन युद्ध चालू असताना कामगारांचा संप तोंडावर आला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी एप्रिलमध्ये देशातील बहुतेक पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला. संप काही काळ रोखण्याची सोय १९४७च्या कायद्यात होती, ती त्यांनी वापरली नाही. शिवाय तो कायदा करताना कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार देण्यास काँग्रेसने नकार दिलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ जून रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी ट्रुमन यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि ऐन युद्धात कारखाने मालकांना परत मिळाले.

न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी या निकालात केलेली मांडणी फळ्यावर तीन ओळींत मावते : काँग्रेसची संमती असेल तर राष्ट्राध्यक्षांचे बळ सर्वाधिक, ती मूक असेल तर संदिग्ध, आणि तिच्या इच्छेविरुद्ध वागल्यास सर्वांत क्षीण. मात्र तीन न्यायमूर्ती ट्रुमन यांच्या बाजूचे होते, हे विसरू नये. अर्ध्या वर्गाला तीच बाजू लढवायला लावावी, नाही तर निकाल उगाचच सोपा वाटतो.

काँग्रेसने संमत केलेले विधेयक फेटाळण्याचा राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार आणि तो दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी ओलांडण्याची तरतूद यानंतर चटकन समजते. शेषाधिकार, म्हणजे घटनेत कोणाकडेही स्पष्टपणे न सोपवलेले अधिकार, आपल्याकडे संसदेकडे, तर तेथे १७९१च्या दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात, एवढी तुलनाही पुरे. महाभियोग मात्र शेवटी घ्यावा : विद्यार्थ्यांना तो सर्वांत रंजक वाटतो, पण सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवलेले नाही.