शाळेचा कर कोण ठरवतं?

अमेरिकेतल्या मराठी पालकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न आज घेतले आहेत.

प्रश्न: आमचा पत्ता टेक्सासमधल्या प्लेनो शहराचा, पण मुलगी फ्रिस्को स्कूल डिस्ट्रिक्टच्या शाळेत जाते. आता शाळांच्या हद्दी बदलणार म्हणतात. महापौरांना भेटावं का?

उत्तर: महापौरांचा यात काही अधिकार नाही. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा येतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे फक्त शाळांसाठीचं स्वतंत्र सरकार. देशभरात अशी सुमारे 12,500 सरकारं आहेत आणि त्यांच्या हद्दी शहराशी जुळतीलच असं नाही. फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये प्लेनो, मॅकिनी, लिटल एल्म या शहरांचेही भाग येतात.

घराच्या मालमत्ता कराचं बिल काढून बघा. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), शहर, कम्युनिटी कॉलेज, शाळा अशा वेगवेगळ्या ओळी असतात आणि बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा आकडा शाळेच्या ओळीत असतो. शाळेच्या कराचा दर निवडून आलेलं सात जणांचं शाळा मंडळ ठरवतं. सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य प्रशासकाची, नेमणूक तेच करतं, हद्दींचा अंतिम निर्णयही त्याचाच. मंडळाच्या पुढच्या बैठकीची तारीख आजच पाहून ठेवा.

प्रश्न: म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखंच ना?

उत्तर: अर्धंच. 1961 च्या कायद्याने आलेली आपली जिल्हा परिषद शाळांबरोबर दवाखाने, रस्ते, पाणीही बघते आणि शिक्षकांच्या पगाराचा पैसा मुख्यतः राज्याकडून येतो. इथे काम एकच, शाळा; आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी स्वतःचा कर. साम्य असं, की दोन्हींना जन्म दिला तो राज्याच्या विधिमंडळाने. राज्य मनात आणेल तर शाळा काढूनही घेतं. 2005 च्या कतरिना वादळानंतर लुइझियानाने न्यू ऑर्लिन्समधल्या बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या आणि 2018 मध्ये परत दिल्या.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या गरीब वस्तीचे पालक कोर्टात गेले होते: आमची घरं स्वस्त, म्हणून कर कमी जमतो, म्हणून आमच्या मुलांच्या शाळा गरीब. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची मागणी फेटाळली. मला तो निकाल आजही पटत नाही. राज्यं आता मदत देऊन फरक कमी करतात, पण पुसला गेलेला नाही.

प्रश्न: आम्ही व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्समध्ये आहोत. इथेही असंच का?

उत्तर: नाही. तुमचं शाळा मंडळ निवडून येतं, पण त्याला कर लावता येत नाही. पैसे काउंटीचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे काउंटीचा कारभार बघणारं निवडून आलेलं मंडळ, देतं. तेव्हा बजेटच्या दिवसांत तुम्हाला दोन दारं ठोठवावी लागतील.

प्रश्न: आम्ही एच-वन व्हिसावर आहोत. आमचं कोण ऐकणार?

उत्तर: मत देता येत नाही, हे खरं. सॅन फ्रान्सिस्कोने नागरिक नसलेल्या पालकांना शाळा मंडळासाठी मताधिकार दिला आहे, पण अशी ठिकाणं मोजकीच. बोलायला मात्र नागरिकत्व लागत नाही. बैठकीआधी नाव नोंदवा. साधारण तीन मिनिटं मिळतात. मागणी पहिल्याच वाक्यात सांगा. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा स्कूल बसचा थांबा हलवण्याची मागणी शेवटी ठेवली होती आणि त्याआधीच वेळ संपला. दुसऱ्या बैठकीत मी त्या मागणीनेच सुरुवात केली. शेजारच्या चार घरांतले पालकही सोबत आले होते.