‘तो झोपला की काढेन’

समुपदेशनाच्या पहिल्या सेशनला येताना ती पिशवीतून एक कागद घेऊन आली होती. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मला बोलून नाही सांगता येणार, तुम्ही हे बघा." जलरंगातलं चित्र होतं, म्हणजे चित्र व्हायचं होतं ते. वर संध्याकाळचं आभाळ, निळ्यातून केशरी अगदी सुंदर उतरत आलेलं, आणि मग मध्येच एक वेडीवाकडी कडक कड, आणि तिच्याखाली पसरलेले डाग.

त्या कडेवर बोट ठेवून ती म्हणाली, "हा इथे तो उठला. दोन वाजून दहा मिनिटांनी."

जलरंग ज्यांनी हाताळलेत त्यांना लगेच कळेल. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की कागद ओला आहे तेवढीच काय ती मिनिटं आपली, मध्येच उठलात आणि परत येऊन पाण्याने भरलेला ब्रश टेकवलात की अर्धवट सुकलेला रंग ढकलला जातो आणि अशी कड पडते, जी मग काही केल्या जात नाही. मला स्वतःला चित्रकलेतलं शून्य कळतं, हे सगळं मला तिनेच समजावलं. आणि समजावताना तिचा आवाज जसा भरून आला होता ना, त्यावरून माझ्या लक्षात आलं की आपण कागदाबद्दल बोलत नाहीयोत.

तो म्हणजे तिचा बावीस महिन्यांचा मुलगा. नवरा सकाळी नऊला बाहेर पडतो तो संध्याकाळी सातला घरी. मूल व्हायच्या आधी ती दर आठवड्याला चित्र काढायची, तीन तीन तास एका जागी बसून. मूल झाल्यावर नोकरी सोडली, घरीच आहे, आणि सगळ्यांनी सांगितलं होतं की घरीच आहेस तर छंदाला भरपूर वेळ मिळेल. (हे सांगणाऱ्यांना एकदा बावीस महिन्यांच्या पोराबरोबर फक्त एक पूर्ण दिवस ठेवायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे.)

घरी छोटं मूल असलेले आईबाप माझ्याकडे येऊन हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कुणाचं गाणं असतं, कुणाचं लिहिणं, एका बाबांचं लाकूडकाम होतं. छंद चालू ठेवला तर आपण स्वार्थी का, सोडला तर आयुष्यभर मनात राहील का. पण तिला खरं तर हा प्रश्न विचारायचाच नव्हता. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "तो दुपारी उठला की मला त्याचा राग येतो. एवढंसं पोर ते, हात वर करून उभं असतं कॉटमध्ये, आणि मला दोन सेकंद ते नकोसं वाटतं. मी वाईट आई आहे का?"

इथे मी आधी एक गोष्ट तपासली, आणि ती नेहमीच तपासते. "वेळ नाही" आणि "इच्छाच होत नाही" या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. आधी ज्यात जीव रमायचा त्यात आता कशातच रमत नाही, सलग दोन आठवडे किंवा जास्त मन उदास आहे, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप लागत नाही, असं असेल तर टाइमटेबल बनवण्यात वेळ घालवू नये, सरळ डॉक्टरांना दाखवावं. बाळंतपणानंतरचं नैराश्य फक्त पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच येतं असं काही नाही, ते उशिरानेही सुरू होऊ शकतं. तिच्या बाबतीत तसं नव्हतं. पोराला अंघोळ घालताना बादलीतल्या पाण्यावर उजेड कसा हलतो आणि तो कुठल्या दोन रंगांनी येईल, हे ती मला पाच मिनिटं सांगत होती. म्हणजे इच्छा जिवंत होती, उलट तिचाच त्रास होत होता.

मग तिला एक आठवडाभर दुपारच्या झोपेची नोंद ठेवायला सांगितली. किती वाजता झोपला, किती वाजता उठला, मधल्या वेळात तू काय केलंस, एवढंच. नोंद वाचून आम्ही दोघी हसलो, मग ती रडली. सात दिवसांत झोप कधी चाळीस मिनिटं तर कधी दोन तास. आणि सगळ्यात लांब झोपेच्या दिवशी तिने ब्रशला हातच लावला नव्हता! कारण पहिली वीस मिनिटं दाराशी उभं राहून खरंच झोपलाय का ते ऐकण्यात, मग "आता काय, उठेलच" म्हणून फोन बघण्यात, मग कागद चिकटवायचा, पाणी आणायचं, रंग काढायचे, आणि एवढं झाल्यावर आतून हालचाल ऐकू आली म्हणून सगळं आवरलं. तो कूस बदलत होता फक्त. त्यानंतर अजून पन्नास मिनिटं झोपला आणि ही आवरलेल्या टेबलासमोर बसून.

आता बघा, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभराची मिळून 11 ते 14 तास झोप लागते, दुपारची डुलकी त्यातच धरलेली. दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं दोनवरून एका डुलकीवर येतात आणि पुढे तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान तीही सुटते. म्हणजे ज्या जमिनीवर ती आपलं घर बांधू बघत होती ती जमीनच वर्षागणिक आक्रसत जाणारी. शिवाय तो मूळ मुद्दा. सगळं काही त्याच्या झोपेवर टांगलं की त्याचं उठणं हा आपल्यावर अन्याय वाटायला लागतो, आणि राग पोराचा नसतो तर त्या एकुलत्या एक खिडकीचा असतो. हे तिला सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे मला त्याचा राग येत नाही?" मी म्हटलं येतो गं, पण कारण वेगळं आहे आणि कारणावर काम करता येतं.

इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं आणि इथे मी माती खाल्ली. मी तिला सुचवलं की काही दिवस जलरंग बाजूला ठेव, कुठेही सोडून उठता येईल असं काहीतरी कर, पेन्सिल स्केच किंवा क्रोशे. फार व्यवहारी सल्ला वाटला होता मला तेव्हा. तिने मान डोलावली, आणि पुढचं सेशन कॅन्सल केलं. त्यानंतर आली ती रागावूनच. "मॅडम, तुम्ही क्रोशे म्हणालात ना, मला वाटलं तुम्ही म्हणताय हे मूल नीट झोपत नाही तर दुसरं घे." मी माफी मागितली. छंद म्हणजे नुसता हाताला चाळा नसतो, एकाच्या जागी दुसरा ठेवला की झालं असं होत नाही, हे मला इतक्या वर्षांनी परत शिकावं लागलं.

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. छंद बदलायचा नाही, त्याचे तुकडे करायचे. मी विचारलं, एका चित्रात असं कुठलं काम आहे जे मध्येच सोडलं तर बिघडतं? तिने विचार केला आणि म्हणाली, खरं तर फक्त ओलं काम. तेही छोट्या कागदावर असेल तर पंधरावीस मिनिटं. बाकी कागद बोर्डला चिकटवणं, पेन्सिलची रेखाटनं, अंगठ्याएवढ्या चौकटीत चित्राची मांडणी करून बघणं, कुठल्या दोन रंगांतून कुठला तिसरा निघतो याचे ठिपके, हे सगळं कधीही सोडून उठता येतं. पॅलेटमधला जलरंग सुकला तरी पाणी लावलं की परत चालतो, फेकावा लागत नाही, म्हणजे आवरायची घाईसुद्धा निम्मी कमी. सुटं काम दिवसभरात विखरून टाकायचं आणि ओलं काम फक्त अशा वेळी, जेव्हा पोराची जबाबदारी दुसऱ्या मोठ्या माणसाची असेल. झोपेची नाही, माणसाची.

अजून एक छोटी गोष्ट केली जी तिला फारच उपयोगी पडली. उठायच्या आधी एका चिठ्ठीवर पुढची पायरी लिहून ठेवायची, "डोंगराच्या सावलीत निळा, कोरडा ब्रश" एवढंच. सोफी लरॉय नावाच्या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं होतं की काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो. तो अभ्यास ऑफिसच्या कामांच्या संदर्भातला, पण पोराला भरवताना मनात आभाळच रंगवत बसणाऱ्या आईला हे वेगळं सांगायला नको. चिठ्ठी लिहिली की डोकं थोडं सोडून देतं.

नवऱ्याला एका सेशनला बोलावलं. माणूस चांगला, मनापासून म्हणाला, "मी कधी नाही म्हटलंय? तू बस ना काढत, मी बघतो त्याला." ती म्हणाली, "मागच्या रविवारी तू चार वेळा हाक मारलीस." त्याला आठवेना. तिला चारही आठवत होत्या. निळा शर्ट कुठेय, हा रडतोय तर काय देऊ, वाइप्स संपलेत का, आणि चौथ्यांदा फक्त "झालं का?". मग ठरलं की आठवड्यातून दोनदा दीड तास, वार आणि वेळ पक्की, दार बंद. रक्त किंवा ताप असेल तर हाक मारायची, बाकी शर्ट कुठलाही घाला. पहिल्या वेळी पोरगं दाराबाहेर वीस मिनिटं रडलं आणि ही आत बसून रडली, कागद कोराच राहिला. या वयात आई दिसेनाशी झाली की रडणं हे अगदी अपेक्षित आहे, आणि रडणाऱ्या पोराजवळ बाबा आहे, पोर एकटं नाहीये. चौथ्या की पाचव्या खेपेला बाबाने त्याच्याशी स्वतःचा काहीतरी उशांचा खेळ काढला होता जो आईला आजही माहीत नाही, आणि मला वाटतं ते बरंच आहे.

ज्यांच्याकडे दुसरं माणूसच नाही त्यांना हे वाचून राग येईल याची मला कल्पना आहे. तिथे मी दुसऱ्या एखाद्या पालकाबरोबर आळीपाळीने मुलं सांभाळायला सुचवते, जमतंच असं नाही, आणि काही वर्षं खरंच फक्त सुटी कामंच होतात.

राहिला दिवसाचा वेळ. तिच्या डोक्यात दोनच पर्याय होते, एक तर पूर्ण वेळ पोराशी खेळायचं, नाही तर फोनवर काहीतरी लावून द्यायचं आणि मग अपराधी वाटून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांनंतर एक तासाच्या वर नको, आणि ते तिला तोंडपाठ होतं, त्यामुळे अपराधीपण दुप्पट. मधला एक तिसरा पर्याय असतो. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक, त्यांनी 1958 मध्ये मांडलं होतं की मूल एकटं राहायला शिकतं ते कुणीतरी जवळ असतानाच. आई खोलीत आहे, तिच्या कामात आहे, मूल त्याच्या कामात आहे. मग आम्ही असं केलं की आधी दहा मिनिटं पूर्ण त्याची, फोन लांब, तो सांगेल तो खेळ, आणि मग काही जाहीर न करता जमिनीवर बसून स्वतःचं स्केचबुक उघडायचं. तो दर दोनतीन मिनिटांनी येणार, गुडघ्यावर हात ठेवणार, परत जाणार. तिला हे आधी व्यत्यय वाटायचं. मी म्हटलं तो फक्त हजेरी घेतोय, तू एक हात फिरव आणि रेघ चालू ठेव.

त्याला शेजारी बसवून चित्रकला शिकवायचा प्रयोगही झाला, ज्याचा शेवट त्याने ब्रश धुतलेलं पाणी पिण्यात झाला. नशिबाने एकच घोट, आणि त्या दिवशी नुसते मातकट रंग होते, तरी डॉक्टरांना फोन झालाच. पण तिच्या पेटीत कॅडमियम आणि कोबाल्टसारख्या विषारी धातूंचे रंगही होते, आणि ते लहान मुलांच्या हाताला किंवा तोंडाला लागायचे नाहीत म्हणजे नाहीत, शिवाय ट्यूबची टोपणं तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या घशात अडकण्याच्या मापाची. त्यामुळे तिची पेटी वरच्या फळीवर, पाण्याची बरणी झाकणाची, आणि त्याला साधं पाणी आणि एक जाडा ब्रश, फरशीवर फिरवायला. पाण्याने फरशी गडद होते, मग सुकते, मग परत काढायचं. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं चाललं म्हणे. तिने घड्याळ लावून मोजलं होतं.

सगळं सुरळीत झालं का, तर नाही. दाढा येत होत्या त्या दोन आठवड्यांत वेळापत्रकाचा पार बोजवारा उडाला, नंतर नवऱ्याचं काम वाढलं आणि दोन वारांचा एकच वार राहिला. तीन महिन्यांत तिची पोस्टकार्डाएवढी चार चित्रं झाली, पूर्वी महिन्याला दोन मोठी व्हायची. याचं तिला वाईट वाटत होतं आणि मी ते पुसायचा प्रयत्न केला नाही. एक पूर्ण सेशन ती फक्त त्या तीन तासांच्या बैठकीबद्दल बोलली, खिडकीतलं ऊन कुठून कुठे सरकायचं ते सुद्धा. राग अजून येतो म्हणाली, पण आता आला की कळतं की या आठवड्यात आपला वार बुडालाय.

सेशन थांबवून आता आठनऊ महिने झाले. तो आभाळाचा कागद माझ्याच फाइलमध्ये राहिला होता, परत देऊ का विचारलं तर राहू दे म्हणाली. मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला की दुपारची झोप बंद झाली, पूर्ण. मी जरा धसकूनच खाली स्क्रोल केलं. फोटो होता, फरशीवर पाण्याचे फराटे, निम्मे सुकलेले, एका कोपऱ्यात तिच्या स्केचबुकची कड आणि त्यावर छोटासा ओला पंजा. खाली लिहिलं होतं, "रविवार मात्र सोडत नाही हं मॅडम, त्यांना सांगून ठेवलंय."