वाचकांचे प्रश्न : गिरण्या बंद पडल्या, इंदूर का नाही?

प्रश्न : माझे आजोबा इंदूरला मालवा मिलमध्ये होते. मागच्या महिन्यात मी तिथं पहिल्यांदा गेलो. मालवा मिल चौराहा रिक्षावाल्याला बरोबर ठाऊक होता, मिल मात्र दिसली नाही. ना बंदर, ना कोळशाची खाण, मग तिथं एवढ्या गिरण्या निघाल्या कशा? आणि सगळ्या बंद पडल्यावर शहर ओस कसं पडलं नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच दडलंय, म्हणून जरा मागे जाते. इंदूर मुळात बाजाराचं गाव. 1818 च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इथं आली, पाठोपाठ इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे दरबारावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची कचेरी. माळव्यातली अफू चीनला जायची आणि तिचा पैसा इथल्या पेढ्यांवर खेळायचा. पैसा होता, काळ्या मातीतला कापूस होता. नव्हती ती रेल्वे.

ती आणली दुसऱ्या तुकोजीरावांनी. 1870 साली त्यांनी इंग्रज सरकारला खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोट रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजानं, 101 वर्षांच्या मुदतीवर. राजानं सरकारला व्याजानं पैसे द्यावेत, हा अस्सल इंदुरी हिशेब! त्याच सुमारास त्यांनी दरबारच्या मालकीची कापडगिरणीही काढली. तिची यंत्रं खंडव्यापर्यंत आगगाडीनं आली आणि पुढे विंध्याचा घाट हत्तींच्या जोरावर चढली, असं जुने लोक सांगत.

खासगी गिरण्यांचा जमाना मात्र विसाव्या शतकातला. 1907 च्या इंग्रज-चीन करारानं चीनकडे जाणारी अफू दरवर्षी कमी होत जाणार हे ठरलं आणि शेटजींचा पैसा नवी वाट शोधू लागला. 1909 मध्ये तुमच्या आजोबांची मालवा मिल निघाली. मग हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशी रांगच लागली. काचमंदिर बांधणारे सर सेठ हुकुमचंद अफूच्या आणि कापसाच्या सट्ट्यात मोठे झालेले. माझं मत विचाराल तर इथल्या मालकांना साच्यापेक्षा, म्हणजे कापड विणायच्या मागापेक्षा, बाजारातला भाव जास्त कळत होता. नफा होता तोवर साचे चालले. नवी यंत्रं घ्यायची वेळ आली तेव्हा बऱ्याच जणांचा पैसा दुसरीकडे निघून गेला होता. 1974 मध्ये सरकारनं आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. मालवा, स्वदेशी आणि कल्याणमल त्यांत होत्या. त्यानं मरण फक्त लांबलं.

मी परदेशीपुऱ्यात, इंदूरच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढले. वडील मिलच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, बहुतेक रात्रपाळीला. मिलची तब्येत आमच्याकडे युनियनच्या पत्रकावरून नव्हे, किराणा दुकानदाराच्या चेहऱ्यावरून कळायची. पगार लांबणार असला की तो उधारीची वही हळूच गल्ल्याखाली सरकवायचा. ‘वहिनी, या खेपेला जरा रोख बघा,’ असं तो आईला म्हणाला आणि त्यानंतर दोनच महिन्यांत वडिलांच्या मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. बाजाराला आधी कळलं, कामगाराला नंतर.

म्हणूनच शहर ओस पडलं नाही. गिरण्या बाजाराच्या पैशावर उभ्या होत्या, बाजार गिरण्यांवर नव्हता. तुकोजीराव क्लॉथ मार्केट या इथल्या कापडबाजाराला कापड भिवंडीचं की सुरतेचं याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यातच 1980 च्या दशकात धार जिल्ह्यात, इंदूरपासून तासाभराच्या आत, पीथमपूर उभं राहिलं. तिथं गाड्या, त्यांचे सुटे भाग आणि औषधं बनू लागली. पण तिथं नोकऱ्या आयटीआय झालेल्या पोरांना. पन्नाशीच्या साळवाल्याला कोण विचारतो? आमच्या गल्लीतले काही जण भाजीची हातगाडी लावून बसले, काही रात्रीचे चौकीदार झाले. शहर तगलं असं म्हणताना ही माणसं हिशेबात धरावी लागतात. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद झाली. तिच्या कामगारांच्या थकबाकीचे सुमारे 224 कोटी रुपये मोकळे झाले ते 25 डिसेंबर 2023 ला. मिलच्या जमिनीचं काय करायचं, याचं घोंगडं तोवर भिजत पडलं होतं. अनेक घरांत पैसे घ्यायला विधवा किंवा मुलंच उरली होती.

प्रश्न : स्वच्छतेत इंदूर 2017 पासून पहिलं येतंय. हे आधीपासूनच असं होतं का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : छे! प्लेगनं इंदूर बेजार होतं. तेव्हा दरबारनं पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. 1917 च्या दिवाळीत त्यानं मिरवणूक काढली आणि जाहीर केलं, की ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील तिथूनच ती जाईल. लोकांनी चढाओढीनं घरं झाडली, रंगवली. मिरवणुकीत सफाई कामगार मानानं चालले आणि शेवटी प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळला. दंडापेक्षा चढाओढीनं इंदूरकर लवकर हलतो, हे त्या परक्या माणसानं बरोबर ओळखलं.

नाशिककरांनी पुन्हा यायचं तर अनंत चतुर्दशीला यावं. बंद गिरण्यांचे कामगार वर्गणी काढून अजून झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, करतात. त्या रात्रभर चालतात, तेव्हा दुपारी झोप काढा आणि जेल रोडला अंधार पडायच्या आत जागा धरा. उशीर झाला तर उभ्यानं पाहावं लागेल.